नाना, नासाने असं काही म्हटलेलं नाही

"नासाने मान्य केलं, कॉम्प्युटरसाठी संस्कृतच सर्वोत्तम!" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. मी बघून सोडून द्यायचो. परवा नानांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "चिनूला अकरावीला आयटी नको, संस्कृत घ्या. पुढे कोडिंग त्यातच होणार." फॉर्मला दोन दिवस उरलेत, म्हणून लिहितोय. राग मानू नका.

म्हणे अंतराळवीरांना पाठवलेली वाक्यं वाटेत उलटी होतात, आणि संस्कृतात शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ तोच राहतो! अहो, रेडिओसंदेश म्हणजे एसटीच्या टपावरची पिशवी नव्हे, आतले डबे खालीवर व्हायला. बिघडतात ती सुटी बिटं, म्हणजे संदेशातले 0 आणि 1. ती दुरुस्त करता यावीत म्हणून जादा बिटं जोडूनच संदेश पाठवतात. बरं, 'मी शाळेत जातो' आणि 'जातो मी शाळेत' यात तरी अर्थ कुठे बदलला? मग नासाने मराठी का नाही घेतली? आणि अक्षरंच उलटली तर रामाचा 'मरा' होतो, हे वाल्या कोळ्यालाही ठाऊक होतं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे 1985 साली 'एआय मॅगझिन'मध्ये आलेला रिक ब्रिग्ज यांचा लेख. ते नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होते. शास्त्रग्रंथांत वाक्याचा अर्थ कर्ता, कर्म, करण अशा नात्यांत फोडून मांडतात, ती रीत संगणकात ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी जुळते, असं ते म्हणतात. एका माणसाचा लेख, बस्स. प्रोग्राम संस्कृतात लिहा, असं त्यात कुठेही नाही.

'संस्कृतात एका वाक्याचा एकच अर्थ' हेही खोटं. 'श्वेतो धावति' हे पतंजलीच्या महाभाष्यातलंच उदाहरण: पांढरा धावतो, की 'श्वा इतः', कुत्रा इथून धावतो? फ्रान्सचे संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनी संस्कृत वाक्यं फोडणारा प्रोग्राम केलाय. तोसुद्धा एका ओळीचे अनेक पदच्छेद समोर ठेवतो आणि निवड आपल्यावर सोडतो. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला असलं चालत नाही.

संस्कृत व्याकरणाची सूत्रं रचणाऱ्या पाणिनीचं मोठेपण मात्र मान्य. प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण ज्या बॅकस पद्धतीने लिहितात, तिला पाणिनीचंही नाव द्यावं, असं 1967 साली एका संगणकतज्ज्ञाने सुचवलं होतं. पण ते कौतुक सूत्रं रचण्याच्या तंत्राचं.

संस्कृतात मार्क पडतात म्हणा, पटेल. चिनूला आयटी हवंय. उद्या फॉर्म भरतोय.