दोन सूत

माझ्या जुन्या गाडीचं मूळ इंजिन चालत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बायको दर दोन दिवसांनी तेच सांगते. चार सिलिंडरचं, थोडं कुरकुरणारं, चढावर धापा टाकणारं, पण चालत होतं. मला मात्र त्या जागी आठ सिलिंडरचं बसवायचं होतं, आणि तेही बाहेरून कोणाला कळू न देता. बोनेट तेच, चेहरा तोच, आत फक्त दुप्पट बळ. नाकापेक्षा मोती जड ही म्हण मला तेव्हाही ठाऊक होती, पण ती दागिन्यांबद्दल आहे असा माझा समज होता.

मापं मी रीतसर घेतली होती. बोनेटखालची लांबी-रुंदी-उंची एका कागदावर, नव्या इंजिनाची दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चहूबाजूंनी इंचभर जागा उरत होती. चूक एवढीच झाली, की इंजिनाची मापं नुसत्या ब्लॉकची होती. मुलगा एकटा पाहून पसंत करावा आणि लग्नानंतर त्याचा गोतावळा बिऱ्हाड घेऊन दारात उभा राहावा, तसे स्टार्टर, अल्टरनेटर, ऑइल फिल्टर, पंखा आणि दोन्ही बाजूंना हातपाय पसरलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, मागाहून आले.

पहिल्यांदा इंजिन साखळीला टांगून खाली सोडलं, तर ते चार बोटं वरच अडलं. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, चेंबर क्रॉस मेंबरवर बसलाय." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, आणि क्रॉस मेंबर म्हणजे ज्याच्या जिवावर पुढची दोन चाकं उभी असतात तो आडवा पोलादी तुळईसारखा भाग.

"तो थोडा कापला तर?" मी विचारलं.

मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी परत विचारलं नाही.

मग दाही दिशा फिरून झाल्या. वर उचललं तर बोनेट लागत नाही. मागे सरकवलं तर फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत, आडवी येते, पाठोपाठ गिअरबॉक्स मागे जातो, गिअरचा दांडा आपल्या भोकातून बाहेर यायचं नाकारतो आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. पुढे ओढलं तर पंखा रेडिएटरची जाळी किसायला निघतो. मी तिरकं बसवायचं सुचवलं. मर्सिडीजने १९५४ च्या ३०० एसएलमध्ये इंजिन ५० अंश कलतं बसवलं आणि बोनेट कसं खाली आणलं, हे मी मिस्त्रीला हातवारे करून समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते एका रांगेचं असणार," तो म्हणाला. "याला दोन रांगांचे दोन खांदे आहेत. एक दाबला की दुसरा वर."

शेवटी चेंबरच कापायचं ठरलं. पुढचा खोल भाग छाटला आणि मागे तेवढंच पोट वाढवलं, कारण तेल कमी भरून चालत नाही. पोट मागे गेलं म्हणून तेल ओढणारी नळीही मागे न्यावी लागली. तिच्या टोकाची जाळी तळापासून दोन-तीन सूत वर हवी. टेकली तर तेल येत नाही, फार उंच राहिली तर वळणावर तेलाऐवजी हवा ओढते. (इंचाचे आठ सूत. हल्ली मी मुलीची उंचीसुद्धा सुतांत सांगतो.) आता बंद चेंबरच्या आतलं अंतर मोजायचं कसं? जाळीवर क्लेचा गोळा चिकटवायचा, चेंबर आवळायचा, परत उतरवायचा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजायची. क्ले मुलीचा होता.

"बाबा, माझा हत्ती कुठेय?"

हत्ती तेव्हा दोन सूत जाडीचा झाला होता.

रात्री मी आपलं सांत्वन करून घेण्यासाठी मोठ्यांच्या भानगडी वाचत बसायचो. १९६४ च्या सनबीम टायगरमध्ये कारखान्यानेच चार सिलिंडरच्या जागी फोर्डचं व्ही-८ कोंबलं होतं. इंजिन आत जावं म्हणून रंग दिलेल्या फायरवॉलला घणाचे ठोके घालत. एवढं करूनही काही स्पार्क प्लगांपर्यंत पाना पोचेना, म्हणून फायरवॉललाच भोक ठेवलं आणि त्याला रबरी बूच लावलं. म्हणजे प्लग बदलायला बोनेट नाही, दार उघडायचं! या बुचाला मी अर्धा तास एकटाच हसत होतो. १९६७ च्या एमजीसीमध्ये सहा सिलिंडर मावेनात तेव्हा बोनेटलाच फुगवटा दिला, आणि कार्ब्युरेटरसाठी त्या फुगवट्यावर आणखी एक छोटा फुगवटा. टेंगळावर टेंगूळ. माझ्या बोनेटवर असलं काही येणार नाही, असं मी झोपलेल्या बायकोला सांगितलं.

चेंबरचं निभावलं तर उजव्या मॅनिफोल्डने स्टेअरिंगच्या दांड्यावर मान टाकली. तो दांडा मधे तोडून तीन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वळूनही फिरणारे सांधे, घातले आणि त्याला वळसा घालायला लावला. सुट्या जॉइंटांचा दांडा अधांतरी डुलतो, म्हणून मधे एक बेअरिंग. बेअरिंगला टेकू हवा, तो जिथे ठोकायचा तिथे ब्रेकची नळी. ती हलवली. ती जिथे गेली तिथे एक्झॉस्टची धग, म्हणून पुन्हा हलवली. रेडिएटर पुढे गेला, इंजिनावरचा पंखा रद्द झाला, त्याऐवजी विजेचा पंखा रेडिएटरच्या नाकापुढे लागला. इतकं सगळं सरकलं, पण गाडी होती तिथेच उभी होती.

आणि एके दिवशी बोनेट लागलं! एअर क्लीनरवर क्लेचा उरलासुरला हत्ती ठेवून पाहिलं, चांगले तीन सूत. मी घरच्यांना बोलावून आणलं, चावी फिरवली. काय तो आवाज! ऐटीत ॲक्सिलरेटर दाबला आणि बोनेटवर आतून कोणीतरी टकटक केलं.

"आत कोणी आहे का?" बायकोने विचारलं.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, आणि जोर लावला की एका कुशीवर वळतं. मी सगळी मापं ते झोपलेलं असताना घेतली होती. जागं झाल्यावर त्याला वरून तीन सुतांनी भागत नव्हतं, आणि उजवीकडे मॅनिफोल्ड खाली येऊन, माझ्या नव्या जॉइंटला बोचकारत होता. एअर क्लीनर ठेंगणा आणला. इंजिनाच्या हेडपासून चासीपर्यंत एक आडवा दांडा बांधला, म्हणजे कूस बदलायची सोय उरली नाही. जॉइंटही बोचकारण्यातून सुटला. पुन्हा जोर देऊन पाहिलं. टकटक बंद. बोनेट सपाट, चेहरा तोच, बाहेरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साहेब, एक राहिलं. मागचा प्लग."

"त्याचं काय?"

"पाना जात नाही."

आठवडाभराने बायको पहिल्यांदा गाडीत बसली. पाय लांब केले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या पायाशी हे रबराचं बूच कसलं?"

"१९६४ पासून असतंच ते," मी म्हणालो आणि क्लच सोडला.