झेंडा घ्या, बर्फाचं नंतर बघू

तुम्ही बेळगावचे, खानापूरचे किंवा निपाणीचे असाल, तर झेंडा कसा धरायचा हे तुम्हाला शिकवायची माझी काय प्राज्ञा! कर्नाटकच्या राज्योत्सवाला, एक नोव्हेंबरला, महाराष्ट्रात जायचंय म्हणून काळे कपडे घालून सायकल फेरीत निघायचं, की कन्नडचा लाल-पिवळा झेंडा घेऊन चन्नम्मा चौकात नाचायचं, हे आपल्याकडचं पोर दहावीच्या आधीच ठरवून बसतं. महापालिकेच्या दारात कुठला झेंडा असावा यावर आपण वर्षंच्या वर्षं घातली. किल्ला तलावाकाठी ११० मीटरचा ध्वजस्तंभ उभा राहिला तेव्हा कुठे सगळ्यांनी मिळून एकाच झेंड्याकडे पाहिलं, तेही मान दुखेपर्यंतच. एवढा अनुभव गल्लीत कुजवू नका. हिवाळी ऑलिंपिकला जा, उद्घाटनाच्या संचलनात देशाचा झेंडा धरा.

तिथे गर्दी नाही, हा मोठा फायदा. उन्हाळी ऑलिंपिकला आपले शंभरावर खेळाडू असतात, झेंडा मिळायला आधी पदक लागतं, नाव लागतं. हिवाळ्यात तसं काही नाही. १९९८ ला नागानोत भारताचा संघ म्हणजे शिवा केशवन, वय १६. दुसरा कोणी नव्हताच. २०२२ ला बीजिंगमध्ये काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान एकटाच होता, तेव्हा झेंडाही त्याच्याच हातात. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची निवड इतकी बिनविरोध कधी झालीय का, सांगा बघू.

झेंडा धरायचा तर नावाला का होईना, एक खेळ यावा लागतो. त्यात ल्यूज घ्या. छोट्या घसरगाडीवर उताणं पडायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या नळीतून खाली यायचं. केशवननं घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव केला, ट्रक आणि मेंढ्या चुकवत. तुम्हाला चोर्ला घाट आहे. खड्डे धरून बघितलं तर ऑलिंपिकचा ट्रॅक त्यापुढे फारच गुळगुळीत वाटेल. कोणी गाडी थांबवून “काय करूलास रे?” म्हणून विचारलं, तर देशाचं नाव काढूलालोय म्हणा. बाजूला सरकून वाट देतील.

थंडीचं मनावर घेऊ नका. टोंगा नावाच्या बेटांच्या देशात बर्फ पडत नाही. तिथला पिटा टाउफाटोफुआ २०१८ ला प्योंगचांगमध्ये शून्याखालच्या थंडीत उघड्या अंगाला तेल चोपडून झेंडा घेऊन फिरला. स्कीच्या शर्यतीत नंतर ११४ वा आला, पण तो कितवा आला हे विचारतंय कोण? फोटो जगभर गेला. आपल्याकडेही मोर्चात कोण किती चालला हे कोणी बघत नाही, बॅनर कोणाच्या हातात होता तेवढं पेपरात येतं.

आता संघटनेचं. तुमच्या संघटनेत दोन गट आहेत ना? मग काळजी मिटली, तुम्ही राष्ट्रीय पातळीला लायक आहात. २०१४ च्या सोची स्पर्धेत आपले तीन खेळाडू तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या पांढऱ्या झेंड्यामागून मैदानात आले, कारण भारतीय ऑलिंपिक संघटना पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीच्या घोळापायी निलंबित होती. केशवनची शर्यत उरकली आणि दोन दिवसांनी बंदी उठली. मला विचाराल तर या सगळ्यात खेळाडूचं नशीब कसं असतं ते कळायला एवढा एक प्रसंग पुरे.

कोरियाची गोष्ट मात्र घरी सांगू नका. उत्तर आणि दक्षिण कोरिया प्योंगचांगच्या उद्घाटनाला एकत्र चालले. पांढऱ्या कापडावर निळा नकाशा, एकच काठी, ती धरायला दोन्हीकडचे एकेक. त्यातही एक चिमुकलं बेट जपानशी वादातलं म्हणून नकाशातून वगळलं होतं. महाराष्ट्रानं मागितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांची यादी तोंडपाठ असलेल्या माणसापुढे हे काढलंत तर रात्रीचं जेवण विसरा.

संचलनाचा क्रमही समजून घ्या. ग्रीस पहिला, यजमान शेवटी, मधले बहुतेक सगळे यजमानांच्या भाषेच्या क्रमानं. बीजिंगमध्ये चिनी अक्षराला किती फराटे लागतात ते मोजून रांग लावली होती. असला सोहळा बेळगावात झाला तर फार अडचण येणार नाही, कन्नड काय नि मराठी काय, दोन्हीकडे सुरुवात ‘अ’ पासूनच. भांडण लागेल ते पाटीवर साठ टक्के जागा कन्नडची की मराठीची यावर, आणि तोवर ग्रीसवाले राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकून पडलेले असतील.

घरच्यांना टीव्हीपुढे बसवून ठेवू नका. गलवानच्या चकमकीतल्या चिनी अधिकाऱ्याच्या हाती मशाल दिली म्हणून भारतानं बीजिंगच्या सोहळ्यांवर राजनैतिक बहिष्कार टाकला. दूरदर्शननं ते दाखवले नाहीत. बहिष्कार योग्यच होता म्हणा, पण आरिफ झेंडा घेऊन चालला तो आपल्याला दिसलाच नाही.

राहता राहिला परतीचा सत्कार, आणि खरी स्पर्धा तीच. सांब्रा विमानतळावर एका बाजूला भगवे फेटे असतील, दुसऱ्या बाजूला लाल-पिवळ्या शाली. आधी कोणाकडे वळलात त्यावर तुमची पुढची वीस वर्षं ठरतील. दोन्ही घेतलंत तर दोन्हीकडचे फोटो एकाच वेळी व्हॉट्सॲपवर फिरतील आणि खुलासा तुम्हालाच करावा लागेल. त्यापेक्षा गोव्यात उतरा, अंधार पडला की चोर्ल्यातून या. रस्ता तुमच्या सरावाचा आहेच.