चिंचेत गेलेले लाख

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, आणि तेव्हापासून आमच्या घरातलं चिल्लरीचं खातं माझ्याकडं आलं. हिच्या पर्समध्ये नोटा, माझ्या खिशात खुळखुळाट. खिसा सारखा वाजायला लागला की माणूस नाणी निरखायला लागतो. त्यात कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, टाकसाळीत बिघडलेल्या नाण्याला लाखाचा भाव येतो म्हणून. नाण्याला असला भाव देतो म्हणणाऱ्यांपासून जपा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच बजावलं होतं. पण ते मला कुणी फॉरवर्ड केलं नव्हतं.

आठवड्यात पाच चुका जमल्या. लाडकी होती ती दहाच्या नाण्याची. त्याच्या पिवळ्या कड्यावर मोरपंखी झाक होती. सालाखाली पत्त्यातल्यासारखा बारका चौकट, म्हणजे मुंबईची टाकसाळ, एवढं मी शिकलो होतो. तिथं कुणाचा तरी हात चुकून भलताच धातू त्यात पडला, हा माझा सिद्धांत. नाणं मी देवघरात ठेवलं. गुरुवारी हिनं देवाची भांडी घासायला काढली, त्यात तेही चिंचेत गेलं. बाहेर आलं ते पिवळंधमक, पूजेच्या घंटीसारखं.

"अवो, किती मळलं होतं ते!" ही म्हणाली. माझे लाख मोरीतून वाहून गेले होते.

उरलेली चार घेऊन, सोबत पाव किलो कुंदा बांधून, बेळगावच्या शहापुरात ओळखीच्या सोनारकाकांकडं गेलो. पहिलं नाणं रुपयाचं, पण पापडासारखं पसरलेलं. काकांनी तराजूत टाकलं.

"वजन रुपयाचंच. घराजवळ रेल्वे गेट हाय काय?"

"हाय की. तिसरं गेट."

"आणि पोरं?"

माझा पुतण्या डोळ्यांसमोर आला. मी दुसरं नाणं पुढं केलं. त्यात सिंहाच्या तोंडावरून उभी रेघ होती.

"नख फिरवा." नख अडकलं. "नाणं दाबायचा ठसा तडकला की धातू भेगेत शिरतोय, म्हणून नाण्यावरची रेघ वर उठून येते. ही खाली गेलीया. कुणीतरी ओरखडलंय."

तिसऱ्याचा काठ उंदरानं कुरतडल्यासारखा. मला वाटलं, हे तरी पक्कं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं. "चकती कापतानाच तुकडा गेला असता, तर बरोबर समोरचा काठपण बसका दिसला असता. दाबताना त्या बाजूला जोर मिळत नाही. हा बघा, पाटलासारखा ताठ. कानशीनं घासलंय हे." चौथं, मधला गाभा निसटलेलं दहाचं, त्यांनी करंगळीत घालून बघितलं आणि न बोलता परत दिलं.

कुंदा मात्र ठेवून घेतला.

चहा आला. निदान त्याचे पैसे आपण द्यावेत म्हणून मी खिशातली दोनाची नाणी मोजायला लागलो. काकांनी एक उचललं, वरच्या-खालच्या काठाला चिमटीत धरलं आणि गर्रकन फिरवलं. इकडं सिंह उभा, तिकडं दोनाचा आकडा शीर्षासनात.

"आपल्या नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला उभ्या असतात. ह्यात एक ठसा जागेवरून फिरलाय. ही टाकसाळीची खरी चूक."

डाग नाही, ओरखडा नाही, अगदी सरळमार्गी दिसणारं नाणं. असली मी आजवर किती कंडक्टरांच्या हातावर ठेवली असतील, देव जाणे.

"किती? लाख?"

"शे-दीडशे कोण दिलं तर नमस्कार करून घ्या. आणि पुसू नका हं. घासलेल्या नाण्याला हौशी माणूस हात लावत नाही."

रुमालात गुंडाळून, खिशावर हात ठेवून घरी आलो. चपला काढायच्या आत हिनं रुमालाची गाठ बघितली.

"नवं गावलं काय? आणा इकडं. चिंच भिजत घातलीया."