हँडहेल्डसाठी ‘कोणतेही मोठे कार्ड’ चालत नाही

परीक्षा संपल्या की सोलापुरातल्या मुलांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या यंत्रांबद्दल, एक संदेश दरवर्षी फिरू लागतो: ‘स्विच असो वा स्टीम डेक, स्वस्तातले १ टीबीचे मेमरी कार्ड घ्या, व्ही-९० लिहिलेले असेल तर गेम दुप्पट वेगाने उघडतात, चार्जर मोबाइलचाच चालतो, काच आणि कव्हर लावले की यंत्राला धोका नाही.’ या संदेशावर विसंबून घरोघरी हजारो रुपये खर्च होतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘स्विच असो वा स्टीम डेक’ हे पहिलेच शब्द चुकीचे आहेत. २०१७ चा निंटेंडो स्विच आणि २०२२ चा स्टीम डेक यांना साधे मायक्रोएसडी कार्ड चालते. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला मात्र गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस या नव्या, अधिक वेगवान प्रकारचेच कार्ड लागते. साधे कार्डही त्याच खाचेत नीट बसते, त्यामुळे फसगत होते. परंतु त्यावरून जुन्या स्विचमधील फोटो आणि व्हिडिओ घेण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही.

वेगाचे विधानही टिकत नाही. व्ही-३०, व्ही-९० हे आकडे व्हिडिओ चित्रित करताना कार्डाने सलग लिहिण्याचा किमान किती वेग राखावा, एवढेच सांगतात. गेम उघडताना काम वाचण्याचे असते, आणि तेही विखुरलेल्या लहान लहान तुकड्यांचे. शिवाय पहिल्या स्विचची व स्टीम डेकची खाच यूएचएस-१ प्रकारची (कार्डाशी माहितीची देवाणघेवाण करण्याची एक पद्धत) असल्याने सेकंदाला सुमारे १०४ एमबीच्या पुढे ती जाऊच शकत नाही. व्ही-९० साठी मोजलेले जादा पैसे तिथेच अडतात. नामांकित कंपनीचे, ए-१ किंवा ए-२ चिन्हाचे (लहान तुकडे वेगाने वाचण्याची क्षमता दाखवणारे) यूएचएस-१ कार्ड या दोन्ही यंत्रांना पुरेसे आहे.

सर्वांत घातक शब्द ‘स्वस्तातले’ हा आहे. माझ्या भाच्याने ऑनलाइन मागवलेले १ टीबीचे कार्ड संगणकावर पूर्ण क्षमतेचे दिसत होते, गेमही विनातक्रार कॉपी झाले, आणि तिसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक फाइली उघडेनाशा झाल्या. अशा कार्डातील नियंत्रक चिपला खोटी क्षमता सांगण्यास शिकवलेले असते. खरी जागा संपल्यावर नवी माहिती जुनीवर लिहिली जाते किंवा नाहीशी होते, आणि कॉपी होताना त्याचा पत्ताही लागत नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ-थ्री हा मोफत प्रोग्राम वापरून संपूर्ण कार्ड भरून परत वाचणे, ही खात्रीची परीक्षा आहे. तिला काही तास लागतात, तरी माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती करावीच. (विंडोजवर १ टीबीचे अस्सल कार्ड ९३१ जीबी दिसते. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. त्यावरून दुकानदाराशी भांडू नये.)

स्टीम डेकमध्ये कार्डाऐवजी आतील एसएसडी (गेम साठवणारी मुख्य पट्टी) बदलायची असल्यास २२३० मापाचीच, म्हणजे २२ मिमी रुंद व ३० मिमी लांब, घ्यावी, आणि मागचे झाकण उघडण्यापूर्वी मेमरी कार्ड आठवणीने बाहेर काढावे. ते आत राहिले तर झाकण काढताना मोडते.

चार्जरबाबत थोडक्यात: स्टीम डेकला ४५ वॅटचा यूएसबी पॉवर डिलिव्हरी (यूएसबीवरून जास्त वीज देण्याची सर्वमान्य पद्धत) चार्जर लागतो, तर टीव्हीला जोडलेल्या पहिल्या स्विचच्या डॉकला (यंत्र ठेवून टीव्हीला जोडायच्या स्टँडला) १५ व्होल्ट मिळावे लागतात. मोबाइलच्या चार्जरवर छापलेला मोठा आकडा अनेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीपुरताच खरा असतो. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना वापरायची पॉवर बँकही हे पाहूनच निवडावी.

राहिले काच आणि कव्हर. स्विच ओएलईडी या आवृत्तीच्या पडद्याच्या काचेवर कंपनीनेच लावलेली पातळ फिल्म असते; वरून संरक्षक काच बसवताना ती सोलू नये, कारण पडद्याची काच फुटल्यास तुकडे विखुरू नयेत यासाठी ती आहे. परंतु आपल्याकडे खरा शत्रू उष्णता आहे. निंटेंडो आणि स्टीम डेक बनवणारी व्हॉल्व्ह या दोन्ही कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान सांगतात आणि सोलापूरचा मे महिना ४० च्या पुढे जातो. अशा दिवसांत हवेच्या जाळ्या झाकणारे जाड कव्हर चढवून, यंत्र सोलापुरी चादरीवर टेकवून खेळत बसले, तर आतला पंखा गरम हवा बाहेर टाकू शकत नाही. कव्हर घ्यायचेच असेल तर मागील आणि वरील जाळ्या पूर्ण मोकळ्या ठेवणारे घ्यावे, आणि दुपारी खेळताना ते काढून ठेवावे.