सेव्ह पुसल्याने व्यसन सुटत नाही: रोल-प्लेइंग गेमविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या रविवारी नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या ताईने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश वाचला आणि नववीतल्या मुलाच्या गेमची सेव्ह फाइल पुसून टाकली. त्या संदेशात चार विधाने आहेत: रोल-प्लेइंग गेम (ज्यात खेळाडू एक पात्र बनून त्याची गोष्ट पुढे नेतो) हा जुगार असून २०२५ च्या कायद्याने तो घरात ठेवणेही गुन्हा आहे, त्यातला फासा मुलाला हरवण्यासाठीच फिरवलेला असतो, त्यातली पात्रे मुलांशी बोलून घरची माहिती काढतात, आणि सेव्ह पुसली की व्यसन त्याच दिवशी सुटते. त्यानंतर हाच संदेश मला सीताबर्डी बाजारातल्या दोन दुकानदार मित्रांकडून आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण नुकसान त्यानेच केले आहे. सेव्ह म्हणजे खेळाडूने आजवर काय काय केले याची नोंद असते: पात्र कोणत्या पातळीवर पोहोचले, त्याच्याकडे किती सोने आहे, कोणती ढाल आहे, कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाला मदत केली आणि कोणाला नाकारली. भाच्याच्या सेव्हमध्ये ८४ तासांचा खेळ होता आणि तो त्याने पाच महिन्यांत, बहुतेक सुट्टीच्या दिवशी, खेळला होता. त्याने मला गणिताची चौकटींची वही दाखवली. तिच्यात प्रत्येक गुहेचा नकाशा पेन्सिलने काढलेला होता आणि समासात ‘आगीचा राक्षस, बर्फाचा मंत्र, दोनदा’ अशा नोंदी होत्या. एका पानावर तर कोणते चिलखत घेतले तर किती मार कमी बसेल याचा हिशेब तीन रकान्यांत मांडलेला होता. १९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा रोल-प्लेइंग गेम आला, तेव्हा त्याच्या कार्ट्रिजमध्ये (यंत्रात बसवायच्या गेमच्या डबीत) सेव्हची सोयच नव्हती. खेळ थांबवताना पडद्यावर वीस अक्षरांचा एक मंत्र दिसे, तो मुले वहीत उतरवून घेत, पुढच्या वेळी तो टाकून तिथूनच खेळ सुरू करत आणि त्यातले एक अक्षर चुकले तरी तो स्वीकारला जात नसे. आपली प्रगती जपून ठेवण्याची ती धडपड आणि भाच्याची वही यांत मला काहीच फरक दिसत नाही.

व्यसनाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरे. पण तिथे तपासायचे असते ते वागणे: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे आणि हे सर्व साधारणपणे किमान बारा महिने चालू असणे. जो मुलगा रोज शाळेत जातो, संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळतो आणि आईने हाक मारली की उठतो, त्याला हे निकष लागू होत नाहीत; आणि ज्याला लागू होतात, त्याला समुपदेशकाकडे न्यावे लागते. त्याची सेव्ह पुसली तर तो शून्यापासून पुन्हा खेळत बसेल, म्हणजे तास वाढतीलच.

कायद्याविषयीचे विधान साफ खोटे आहे. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५ याने बंदी घातली आहे ती ‘ऑनलाइन मनी गेम’वर, म्हणजे पैसे किंवा तत्सम काही पणाला लावून, त्या बदल्यात आर्थिक लाभ मिळेल या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळावर, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंतचा दंड आहे तो असा खेळ पुरवणाऱ्याला; खेळणाऱ्याला त्यात शिक्षाच नाही. दुकानातून एकदा पैसे मोजून आणलेला, घरी एकट्याने खेळायचा गेम या व्याख्येच्या जवळपासही येत नाही.

इथे एक गोष्ट मात्र, मनात नसताना, मान्य करावी लागते. ज्या गेममध्ये खरे पैसे देऊन नशिबाने पात्र किंवा शस्त्र ‘काढावे’ लागते, त्या गाचा पद्धतीत आणि सोडतीच्या तिकिटात फारसे अंतर नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेममध्ये पंचतारांकित, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि पंचतारांकित काहीतरी हमखास मिळायला ९० प्रयत्न लागू शकतात. बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने २०१८ मध्ये काही गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवले, ते योग्यच केले. आपले यूपीआय किंवा कार्ड अशा गेमला जोडून मुलाच्या हाती देऊ नये, एवढे त्या संदेशात असते तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

फाशाविषयी थोडेच लिहितो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमपासून या खेळांत फासा आहे, संगणकावर तो एका सूत्राने काढलेला आकडा असतो. पडद्यावरची टक्केवारी दरवेळी खरी नसते, हेही कबूल. ‘फायर एम्ब्लेम’ या गेम-मालिकेतल्या अनेक भागांत वार लागला की नाही हे ठरवायला नशिबाने काढलेल्या दोन आकड्यांची सरासरी घेतली जाते, त्यामुळे ९० टक्के दाखवलेला वार प्रत्यक्षात ९८ टक्के वेळा लागतो आणि १० टक्क्यांचा जेमतेम २ टक्के. हा फेरफार माणसाला शक्यता जशी ‘वाटते’ तिच्या जवळ जाण्यासाठी आहे, मुलाला हरवण्यासाठी नाही.

राहिली हेरगिरी करणारी पात्रे. अशा गेममधला गावकरी जे बोलतो ते लेखकाने आधीच लिहिलेले असते. खेळाडू समोरच्या दोन-तीन उत्तरांपैकी एक निवडतो आणि संवाद ठरलेल्या फांदीवर जातो. ऑनलाइन गेममध्ये अनोळखी माणसांशी चॅट होते, तिथे लक्ष ठेवायलाच हवे, पण तिथे बोलणारी खरी माणसे असतात. ताईच्या घरचा कन्सोल (गेम खेळायचे यंत्र) तर इंटरनेटला जोडलेलाच नाही, आणि म्हणूनच पुसलेल्या सेव्हची दुसरी प्रतही कुठे नाही.