खुलासा: उन्हाळ्यात गिटारच्या पिकअपचं चुंबक ‘उतरत’ नाही

जळगाव-भुसावळकडच्या गिटारवाल्यांत एक मेसेज फिरतोय: मे महिन्यातल्या उन्हाने पिकअपचं (तारांचं कंपन टिपणारा, चुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल असलेला भाग) चुंबक उतरतं, म्हणजे कमजोर होतं, मीटरवर रोधाचं रीडिंग वाढलेलं दिसतं, टोन बसतो, म्हणून पिकअप बदला. हे चूक आहे. कृपया यावर पैसे घालवू नका.

पिकअपमधल्या अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) चुंबकाचं चुंबकत्व जायला सुमारे 800 अंश सेल्सिअस तापमान लागतं. आपल्याकडे पारा 46 वर गेला, तरी त्याला काही होत नाही. रीडिंग वाढतं हे मात्र खरं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. म्हणजे 25 अंशांना 7.5 किलोओहम दाखवणारा पिकअप 45 अंशांना 8.1 च्या आसपास दाखवणारच. तो बिघाड नव्हे. गार खोलीत पुन्हा मोजा.

टोन बसला असेल तर आधी दुसरी केबल लावून पाहा, मग जॅक (केबल लावायची जागा) आणि पॉटचे (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा बदलता रोध) सोल्डर तपासा. व्हॉल्यूम पूर्ण उघडून मीटरवर 250 किंवा 500 किलोओहमच्या, म्हणजे नुसत्या पॉटच्या रोधाच्या, जवळपास आकडा आला, तर पिकअपची कॉइल किंवा तिची वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी. दोन पिकअप एकत्र लावल्यावरच आवाज पातळ होत असेल, तर ते उलट फेजमध्ये जोडलेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा सिग्नल खोडतो. त्यांतल्या एकाच पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. पण त्या पिकअपचं धातूचं कव्हर ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असेल, तर आधी ते वेगळं करावं लागतं.

उन्हाचा खरा धोका बंद गाडीत. तिथे कॉइलमधलं मेण मऊ होऊ शकतं आणि नंतर पिकअप शिट्टी मारू लागतो. गिटार गाडीत ठेवू नका.