चक्कर आली की मानेला पट्टा? आधी कान तपासा

नागपुरातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : चक्कर मानेचा मणका झिजल्यामुळे येते, पट्टा लावा, डोकं हलवू नका, चक्करची गोळी कायम चालू ठेवा, साठीनंतर तोल जाणारच, म्हणून घरातच राहा. चक्कर अंगावर काढू नका, असंही शेवटी लिहिलंय. मी तोल जाणाऱ्या रुग्णांना व्यायाम शिकवते. हा मेसेज वाचून अंथरुणाला खिळलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी मानेचं बघू. पन्नाशीनंतर एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसते, कधीही चक्कर न आलेल्यांच्यासुद्धा. त्यामुळे झीज दिसली म्हणून चक्करचं कारण सापडलं, असं होत नाही. कूस बदलताना, आडवं होताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, असं असेल तर दोष बहुधा कानात असतो. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच नळीतला द्रव ढवळला जातो आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. गरगरण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. तपासणीला यंत्र लागत नाही : रुग्णाला ठरावीक कोनात झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघायची. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी 1952 पासून माहीत आहे. खडे परत जागेवर नेणारी एप्लीची पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. जगभरातल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात या उपचाराने 56 टक्के रुग्णांची चक्कर पूर्ण थांबली. खोटा उपचार किंवा तुलनेचा दुसरा उपाय मिळालेल्यांत 21 टक्क्यांची. काहींना तो पुन्हा करावा लागतो, पण पट्ट्याने खडे हलत नाहीत, हे नक्की.

‘डोकं हलवू नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. एका कानाची तोलाची नस सुजून कमजोर झाली, तर मेंदू उरलेला कान, डोळे आणि तळपाय यांच्या आधाराने नवा हिशेब बसवतो. तो बसण्यासाठी आधी चूक व्हावी लागते. डोकं फिरतं, नजर घसरते, आणि ती घसरण बघून मेंदू दुरुस्ती करतो. म्हणून आम्ही अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवायला लावतो. सुरुवातीला थोडं गरगरतं, ते अपेक्षितच आहे. लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी 1940 च्या दशकातच असे व्यायाम बसवले होते.

गोळीचं थोडक्यात. पहिले दोन-तीन दिवस उलट्या आवरायला ती उपयोगी पडते. पण प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने घेतली, तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं, आणि वयस्कर माणसांत हातपाय कापणं, चाल अडखळणं सुरू होऊ शकतं. अर्थात कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नका. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट तपासून घ्या. घाम जातो, पाणी कमी पडतं, त्यात बीपीच्या गोळ्या. उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने पडत असेल, तर ती अंधारी कानाची नाही आणि मानेचीही नाही.

राहिलं साठीनंतरचं. कॉक्रेनच्या 2019 च्या आढाव्यात 108 चाचण्या आणि 23,407 माणसं होती, सगळी साठीपुढची. व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलं. सगळ्यात खात्रीचा फायदा तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याचा तितका ठाम पुरावा नव्हता. अंबाझरीला रोज फेरी मारता, उत्तम. त्याला ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभं राहणं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत चालणं आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं जोडा. सुरुवातीला कुणीतरी जवळ असू द्या. घरात बसून पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य मात्र खरं आहे. चक्करसोबत बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले, चेहरा किंवा हात लुळा पडला, अचानक ऐकू येईनासं झालं किंवा उभंच राहता येत नसेल, तर व्यायाम-बियाम काही नाही, त्याच क्षणी 108 ला फोन करा किंवा मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, त्यातलं जे जवळ असेल ते गाठा.